आधी वाळवा, मग झाका, मग गार करा: पुण्याच्या हवेत बी वर्षानुवर्षं टिकवण्याची रीत

ऑगस्ट उजाडला की माझ्या फोनवर ठरावीक फोटो यायला लागतात. बरणीच्या तळाशी चिकटून बसलेलं वांग्याचं बी, त्यावर पांढरी लव. नाहीतर घेवड्याचे दाणे, वरून ठणठणीत, पण कुंडीत टाकल्यावर आठ दिवसांत लगदा झालेले. आमच्या सोसायटीतल्या एक काकू तर बरणीच घेऊन दारात आल्या होत्या. ‘‘अगं, हवाबंद बरणीत घातलं, वर फ्रीजमध्ये ठेवलं. अजून काय करायचं बाई?’’

काकूंची बरणी बरोबर होती, फ्रीजही बरोबर. चुकला होता तो क्रम. बी जुलैत काढलेलं, चार दिवस गॅलरीत वाळवलेलं आणि लगेच बंद केलेलं. म्हणजे बियांबरोबर पुण्याचा पावसाळाच त्यांनी बरणीत भरला होता.

पापड सादळलेला लगेच कळतो. बीही तसंच सादळतं, फक्त ते मऊ पडून सांगत नाही. आजूबाजूच्या हवेत जितका दमटपणा, त्या मानाने ते ओलावा ओढतं किंवा सोडतं. जुलै-ऑगस्टात पुण्याच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असते, आणि अशा हवेत उघडं ठेवलेलं धान्याचं बी पंधरा टक्क्यांच्या आसपास ओलाव्यावर जाऊन बसतं. मार्च-एप्रिलच्या दुपारी हीच आर्द्रता २०-३० टक्क्यांवर येते. आपल्याकडे कुरडया-पापड त्या दिवसांत होतात ते उगाच नाही. बियांच्या वाळवणाचाही हंगाम तोच.

## बी नक्की कशाने मरतं, एवढंच आधी

खाली येणारी प्रत्येक पायरी यावर उभी आहे, म्हणून एवढं वाचून मगच पुढे जा.

बी नीट वाळलं की पेशींच्या आतला रस पाकासारखा घट्ट होत जातो आणि शेवटी काचेसारखा थिजतो. त्या अवस्थेत आतली रसायनं जवळजवळ जागच्या जागी थांबतात. ओलावा किंवा उष्णता वाढली की ही काच पुन्हा मऊ होते. मग आतली चरबी खवट व्हायला लागते, पेशींची आवरणं झिरपू लागतात, डीएनएचे तुकडे पडतात. कोरड्या बीला हे दुरुस्त करता येत नाही. दुरुस्ती सुरू होते ती पेरल्यावर, पाणी मिळाल्यावर. जुनं बी उशिरा उगवतं याचं कारण हेच. ते आधी घर सावरतं, मग बाहेर येतं.

ओलाव्याचे टप्पे ठोकळमानाने असे: १८-२० टक्क्यांच्या वर ढीग आतून तापतो, १२-१४ च्या वर बुरशी धरते, ८-९ च्या वर किडे जगतात आणि वाढतात. त्याच्या खाली गेलात की निम्मी लढाई जिंकलात. हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञाचा ठोकताळा जगभर वापरतात. बियांतला ओलावा एका टक्क्याने कमी केला की आयुष्य दुप्पट, आणि साठवणीचं तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरवलं की पुन्हा दुप्पट. ओलाव्याचा नियम साधारण १४ ते ५ टक्क्यांच्या दरम्यान लागू पडतो. बारावरून आठवर आणलंत तर सोळापट, आणि अजून फ्रीज उघडलेलाही नाही.

## टप्पा १ : साठवण्याजोगं बी आहे का ते बघा

वाळवलं की झोपतात अशा बिया वेगळ्या आणि वाळवलं की मरतात अशा वेगळ्या. आंबा, फणस, जांभूळ, लिची, नारळ, कोको, कढीपत्ता ही सगळी दुसऱ्या गटातली. ही फळांतून काढायची आणि लगेच पेरायची. आंब्याची कोय ‘छान वाळवून’ ठेवणारे लोक मला दरवर्षी भेटतात. त्यांनी ठेवलेलं असतं ते जळण. कडुलिंबाची लिंबोळी मधल्या गटातली आहे. थोडं वाळणं सोसते, पण फार टिकत नाही. लिंबू-संत्र्याच्या बियाही ताज्याच लावलेल्या बऱ्या.

भाजीपाला, कडधान्यं, तृणधान्यं, बहुतेक फुलझाडं पहिल्या गटातली, म्हणजे आपल्या कामाची. पण तिथंही सगळ्यांची उमर सारखी नाही. कांद्याचं बी नाजूक. घरात उघडं ठेवलं तर एका पावसाळ्यातच बहुतेक जातं. सोयाबीन आणि भुईमुगात तेल जास्त, शिवाय सोयाबीनची साल इतकी पातळ की मळणीत किंवा पोतं आपटल्यावर तिला तडे जातात, म्हणून त्यांचीही खात्री कमी. मिरची, भेंडी दोनेक वर्षं. टोमॅटो, वांगं, मुळा, काकडी-भोपळ्याचं कूळ चार-पाच वर्षं. हे साध्या, थंड, कोरड्या जागेचे आकडे झाले. खालची सगळी पद्धत पाळलीत तर याच्या कितीतरी पुढे जाता येतं.

इशारा : पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ असेल तर त्या झाडाचं बी ठेवायची मेहनत करू नका. उगवेल, पण आईसारखं निघणार नाही. सरळ वाण घ्या, म्हणजे ज्याचं बी पेरलं की आईसारखंच झाड निघतं. आणि दुधी, दोडका, काकडी, मुळा, पालक यांत परपरागीभवन होतं, म्हणजे एका झाडाचे परागकण दुसऱ्या झाडाच्या फुलावर जातात. शेजारच्या गच्चीवर दुसरा वाण असेल तर भेसळ ठरलेली.

## टप्पा २ : झाडावर पूर्ण पिकू द्या

बीचं आयुष्य किती, हे अर्धं झाडावरच ठरतं. खायला तयार झालेलं फळ बियांसाठी कच्चं असतं, आणि शहरातल्या माणसाला हे पटवणं सगळ्यात कठीण. भेंडी झाडावर लाकडासारखी वाळून फाटायला आली पाहिजे. काकडी पिवळी-तपकिरी होऊन थुलथुलीत व्हावी. वांगं जांभळं असेल तर मातकट पिवळं पडेपर्यंत थांबा. मिरची लालभडक. दोडका-दुधी वेलावर वाळून हलवल्यावर खुळखुळला पाहिजे. तांबडा भोपळा काढल्यावरही तीन-चार आठवडे घरात ठेवा. बिया आत अजून भरत असतात.

टोमॅटोच्या बियांभोवतीचा बुळबुळीत थर आंबवूनच जातो. गर आणि बिया काचेच्या ग्लासात थोड्या पाण्यात ठेवा. आपल्या उन्हाळ्यात २४ ते ४८ तास पुरतात, हिवाळ्यात तीन दिवस. वर पांढरी साय धरली आणि बिया खाली बसल्या की लगेच धुवा. तसंच विसरलात तर त्याच पाण्यात मोड येतात. पाण्यावर तरंगणाऱ्या पोचट बिया ओतून द्या. धुतलेलं बी स्टीलच्या ताटलीवर किंवा चिनीमातीच्या बशीत पसरा. कागदावर किंवा टिश्यूवर पसरलंत तर नंतर नखांनी खरवडत बसाल.

शेंगांतलं बी हातानेच सोला. पोत्यात घालून काठीने झोडपू नका. सालीला गेलेला केसाएवढा तडा तुम्हाला दिसत नाही, पुढच्या वर्षी मात्र तो दिसतो.

## टप्पा ३ : सामान जमवा, आणि मापक तपासून घ्या

फार काही लागत नाही. सुती कापड किंवा सूप. रबराची चकती असलेलं धातूचं झाकण लागणाऱ्या काचेच्या बरण्या. ओलावा शोषून रंग बदलणारे सिलिका जेलचे खडे. एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता दाखवणारा मापक, बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. कागदी पाकिटं, शिसपेन्सिल. शक्य असेल तर दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा.

प्लास्टिकचे डबे आणि झिपच्या पिशव्या यादीत नाहीत, आणि हे मुद्दाम आहे. पातळ प्लास्टिकमधून पाण्याची वाफ सावकाश आत जाते. चार महिन्यांच्या पावसाळ्याला तेवढं पुरतं.

बरणीची परीक्षा : रिकाम्या बरणीत कोरडा टिश्यू घाला, झाकण घट्ट लावा आणि बादलीत पाच मिनिटं उलटी बुडवून धरा. बुडबुडे आले किंवा टिश्यू ओला निघाला तर ती बरणी लोणच्याला द्या.

मापकाची परीक्षा : स्वस्त हायग्रोमीटर सर्रास चार-पाच टक्के खोटं बोलतात. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यावर थेंबथेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळलं तर पाणी जास्त झालं. हे झाकण आणि मापक एकाच बंद बरणीत रात्रभर ठेवा. सकाळी मापकाने ७५ दाखवायला हवेत, कारण ओल्या मिठावरची हवा तिथंच स्थिरावते. माझा ७९ दाखवत होता. मी त्याच्या पाठीवर पट्टी चिकटवून ‘वजा ४’ लिहून ठेवलंय. खालच्या टोकाला हा फरक थोडा बदलू शकतो, म्हणून एकट्या मापकावर विसंबू नका, जेलच्या रंगाकडेही बघत चला.

## टप्पा ४ : पहिली वाळवण, सावलीतली

बहुतेकांचं इथंच बिघडतं, म्हणून इथं रेंगाळते.

बी उष्णतेने वाळवायचं नसतं, कोरड्या हवेने वाळवायचं असतं. आपल्याला दोन्ही एकच वाटतात, कारण पापड आपण उन्हात टाकतो. पण पापडाला पुन्हा जन्म घ्यायचा नसतो. एप्रिलच्या दुपारी गच्चीची फरशी पायाला चटका देते तेव्हा ती ५० अंशांच्या पुढे गेलेली असते. ओल्या बीला ४० अंशांच्या वरची उष्णता मारक आहे. त्यातही जितकं बी ओलं, तितकं ते लवकर भाजतं. शिवाय वरची साल झटकन आवळते आणि आतला ओलावा आतच कोंडतो. बोटांना बी कडकडीत लागतं, आत मात्र ओलं.

म्हणून असं करा:

खिडकीजवळ, पण उन्हाच्या पट्ट्यात नाही अशा जागी सुती कापडावर बी एकेरी थरात पसरा. पंखा मध्यम वेगात चालू ठेवा. दिवसातून दोनदा हाताने फिरवा. मार्च-एप्रिलमध्ये वांगं, टोमॅटो, मिरचीसारखं बारीक बी तीन ते पाच दिवसांत हवेच्या बरोबरीला येतं. घेवडा, पावटा, भोपळ्याच्या बिया यांना आठ-दहा दिवस लागतात.

आणि संध्याकाळी गुंडाळा. हे कुणीच करत नाही. दुपारी २५ टक्के असलेली हवा रात्री दमट होते आणि दिवसभरात सोडलेलं पाणी बी परत पिऊन टाकतं. पाचच्या सुमाराला, बी अजून हाताला कोमट लागत असतानाच, स्टीलच्या डब्यात भरून झाकण लावा. सकाळी दहानंतर पुन्हा पसरा. आजी पापडांचं करायची तेच.

पावसाळ्यात काढणी झाली तर? जुलैत उघड्यावर कितीही दिवस वाळवलंत तरी बी हवेपेक्षा कोरडं होत नाही, कारण हवाच ओली असते. तेव्हा पंख्याखाली एक-दोन दिवस ठेवून वरवरचं पाणी जाऊ द्या आणि थेट पुढच्या टप्प्यावर या. एसीच्या खोलीत हवा थोडी कोरडी होते, तेवढाच हातभार. ओव्हन आणि मायक्रोवेव्ह यांचं नावही काढू नका.

तपासणी : भोपळ्याची बी दोन बोटांत वाकवा. कट् करून मोडली पाहिजे, वाकली तर परत पंख्याखाली. घेवड्याचा एक दाणा फरशीवर ठेवून हातोडीने ठोका. काचेसारखा फुटला तर ठीक, चपटा झाला तर नाही. नख रुतलं तर तो दाणा अजून पुष्कळ ओला आहे. एक जुनी घरगुती परीक्षाही आहे. कोरडं मीठ आणि बी बरणीत घालून हलवायचं, मीठ काचेला चिकटलं तर बी ओलं. पण ती १५ टक्क्यांच्या वरचाच ओलावा पकडते. भातासाठी ठीक, आपल्यासाठी फारच ढोबळ.

## टप्पा ५ : दुसरी वाळवण, बरणीतली

पहिल्या वाळवणीने बी दहा-बारा टक्क्यांवर येतं. घरच्या वापराला एक वर्ष ठेवायचं असेल तर तेवढ्यावर कापडी पिशवीत भागेल. बरणी बंद करायची असेल तर भागणार नाही. बंद डब्यात ओलावा कुठे जाणार? प्रमाणित बियाण्याच्या सरकारी मानकांतही हाच भेद दिसतो. टोमॅटो, वांगं, मिरची, कांदा यांना साध्या पिशवीत जास्तीत जास्त ८ टक्के ओलावा चालतो, हवाबंद पाकिटात मात्र ६. भेंडीला १० आणि ८. डबा जितका पक्का, तितकं बी आधी कोरडं हवं. काकूंना मी हे दोन आकडे कागदावर लिहून दिले. तो कागद त्यांनी फ्रीजच्या दारावर लावलाय.

बियांचं वजन करा. तितक्याच वजनाचं कोरडं सिलिका जेल बरणीच्या तळाशी घाला. त्यावर बी कापडी पुरचुंडीत ठेवा, म्हणजे दोन्ही मिसळणार नाहीत. झाकण लावा. बारीक बियांना आठवडा, मोठ्या दाण्यांना दोन आठवडे. मधे जेलचा रंग बदलला तर नवं घाला.

वजनाचा हिशेब सोपा आहे आणि मापकापेक्षा भरवशाचाही. १०० ग्रॅम बियांत १२ टक्के पाणी आहे असं धरा, म्हणजे कोरडा भाग ८८ ग्रॅम. ते ७ टक्क्यांवर आणायचं तर शेवटचं वजन साधारण ९४.६ ग्रॅम भरायला हवं. म्हणजे साडेपाच ग्रॅम पाणी निघायचंय. सुरुवातीचा ओलावा माहीत नसेल तरी हरकत नाही. दर दोन दिवसांनी वजन करा आणि जेल ताजं असूनही ते उतरायचं थांबलं की थांबा.

नारिंगी जेल ओलं झालं की हिरवट होतं, निळं गुलाबी होतं. निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं, घरात लहान मुलं असतील तर नारिंगीच घ्या. ओलं जेल ११०-१२० अंशांवर ओव्हनमध्ये दोनेक तास ठेवलं की मूळ रंगावर येतं. ते काचेच्या बंद बरणीत गार होऊ द्या. गरम जेल बियांवर ओतणारेही पाहिले आहेत मी.

जेल नसेल तर तांदूळ तपकिरी होईपर्यंत भाजा, गरम असतानाच बरणीत भरून झाकण लावा, पूर्ण गार झाल्यावर बियांची पुरचुंडी आत ठेवा. जेलइतकं जोरकस नाही, पण काम करतं. प्रमाण मात्र बियांच्या दुप्पट-तिप्पट घ्या. कळीच्या चुन्याच्या वाटेला जाऊ नका. पाण्याशी गाठ पडली तर तो तापतो.

तपासणी : जेल काढून घ्या. फक्त बी आणि मापक बरणीत बंद करून एक दिवस खोलीत ठेवा. दुरुस्त आकडा २० ते ३० च्या दरम्यान आला की बी तयार. ३५ च्या वर असेल तर पुन्हा जेल. जेल आत असताना मोजलंत तर तुम्ही जेलची हवा मोजताय, बियांची नाही.

इशारा : जास्त कोरडं म्हणजे जास्त चांगलं, असं नाही. शेंगवर्गातलं बी आणि भेंडी ५-६ टक्क्यांच्या खाली नेली की साल दगडी होते आणि दाणा पाणीच पीत नाही. घेवडा, पावटा, सोयाबीन यांना ७-८ वर सोडून द्या.

## टप्पा ६ : झाकण्याआधी उगवण मोजा

आज किती उगवतं हे माहीत नसेल तर तीन वर्षांनी किती घटलं ते कशावरून ठरवणार? ५० बिया मोजून घ्या. भरपूर असतील तर १००. ओल्या, पण पिळल्यावर थेंब न पडणाऱ्या सुती फडक्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करा, सैल पिशवीत उभी ठेवा. शेतकरी हेच गोणपाटावर करतात.

मूग, काकडी, सोयाबीन आठ दिवसांत निकाल देतात. कांदा बारा, टोमॅटो, वांगं, मिरची चौदा. भेंडीला एकवीस दिवसांपर्यंत वाट बघावी लागते. नुसता कोंब डोकावला म्हणून मोजू नका. मूळ आणि खोड दोन्ही धड असलेलंच रोप धरा. प्रमाणित बियाण्याला किमान उगवण टोमॅटो, वांगं, कांद्यात ७० टक्के, भेंडीत ६५, मिरचीत ६०, मूग-तुरीत ७५ आणि हरभऱ्यात ८५ लागते. तुमचं ताजं बी याच्याही खाली असेल तर ते साठवण्यात अर्थ नाही. टप्पा २ वर काहीतरी चुकलंय.

## टप्पा ७ : पाकिटं आणि चिठ्ठ्या

सगळं बी एकाच पाकिटात नको. एका पेरणीपुरती छोटी कागदी पाकिटं करा, ती सगळी एका बरणीत, सोबत जेलची छोटी पुरचुंडी. बरणी दर वेळी उघडली की ताजी हवा आत जाते, म्हणून जे लागेल तेवढंच एक पाकीट चटकन उचला. नाव, वाण, कुठून आणलं, काढणीचा महिना, उगवण टक्के हे शिसपेन्सिलने लिहून एक चिठ्ठी आतही टाका. मार्करची शाई फ्रीजमध्ये पुसट होते, आणि ‘पांढरं वांगं, आत्याकडचं’ एवढ्यावरून पाच वर्षांनी कुठल्या आत्याकडचं ते आठवत नाही.

## टप्पा ८ : आता गार करा

कोरडं, झाकलेलं, मोजलेलं बी हातात असेल तरच इथं या.

फ्रीज नसेल तरी चालेल. घरातली सगळ्यात थंड जागा शोधा. तळमजल्याच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट. स्वयंपाकघराचा माळा ही पुण्यातल्या घरांतली सगळ्यात वाईट जागा, आणि बी हमखास तिथंच असतं. वर स्लॅब तापतो, खालून कुकरची वाफ जाते.

फ्रीजमध्ये ठेवायचं तर दारात नाही, तिथं तापमान सारखं वर-खाली होतं. भाजीच्या कप्प्यातही नाही. मधल्या फळीवर, मागच्या बाजूला. फ्रीज आतून दमट असतो. थंडी त्याच्याकडून घ्यायची, कोरडेपणा बरणीतूनच आला पाहिजे. बीजसाठवणीत एक बेरीज वापरतात. फॅरनहाइट तापमान अधिक आर्द्रतेचा आकडा, ही बेरीज १०० च्या खाली असावी. पुण्याच्या जुलैत ८० अधिक ८०, म्हणजे १६०. एप्रिलच्या कोरड्या दुपारीही ९५ अधिक २५, १२०. फ्रीजमधल्या बंद कोरड्या बरणीत ४१ अधिक २५, म्हणजे ६६.

डीप फ्रीझर त्याहून चांगला. दिल्लीतली राष्ट्रीय जनुकपेढी उणे १८ अंशांवरच बी ठेवते, आणि घरच्या डीप फ्रीझरमध्येही साधारण तेवढं तापमान मिळतं. पण इथं मी स्वतः आपटलेय. भोरच्या माहेराहून आणलेला घेवडा, दोन दिवस कडक उन्हात टाकलेला, दाताखाली टणक. थेट फ्रीझरमध्ये. वर्षाने चाळीस दाणे पेरले, तीन उगवले. दाणे चिरून बघितले तर आतली डाळिंबी पिवळट, कडेला पाणी धरल्यासारखी. आतल्या ओलाव्याचा बर्फ झाला आणि त्या स्फटिकांनी पेशी फाडल्या. चूक फ्रीझरची नव्हती. टप्पा ५ मी गाळला होता. आईला अजून सांगितलेलं नाही.

किडीवरही फ्रीझरचा उपयोग होतो. कडधान्याच्या भुंग्याची अंडी शेतातूनच दाण्यावर येतात आणि बंद बरणीत आरामात फुटतात. वाळवलेलं बी आठवडाभर उणे १८ वर ठेवलं की अंडी-अळ्या सगळं मरतं. मग हवं तर फ्रीजमध्ये हलवा. फ्रीझर नसेल तर चाळलेली कोरडी राख भरपूर मिसळा. दाण्यांमधल्या जागा भरून जातात आणि भुंग्याला फिरता येत नाही. बरणीत चार कडुलिंबाची पानं टाकून निर्धास्त झोपणाऱ्यांना एवढंच विचारते, ती पानं तरी वाळवली होतीत का?

इशारा : लाइट गेली की फ्रीझर वितळतो, परत गोठतो. बरणी पक्की आणि बी कोरडं असेल तर यात काही बिघडत नाही. नुसतं पिशवीत असेल तर वितळलेलं पाणी सरळ बियांत जातं.

## टप्पा ९ : बाहेर काढताना

फ्रीजमधून काढलेली बरणी लगेच उघडू नका. गार पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवल्यावर बाहेरून घामेजतो ना, तसंच बियांचं होतं. फ्रीझरमधली बरणी बंदच ठेवून रात्रभर, म्हणजे बारा तास तरी, खोलीत राहू द्या. काच हाताला गार लागेनाशी झाली की उघडा, पाकीट उचला, झाकण लावा.

खूप कोरडं बी थेट पाण्यात भिजत घालणं ही शेवटची चूक, आणि इतकं सगळं नीट केल्यावर ती फार लागते. घेवडा, सोयाबीन, वाटाणा यांचे सुकलेले दाणे पाणी इतक्या झपाट्याने ओढतात की आतली आवरणं फाटतात. पाणी पिवळट-गढूळ झालं, चिकट वास आला, तर समजा दाण्यातलं सत्त्व पाण्यात उतरतंय. त्याऐवजी ताटलीत दाणे, शेजारी पाण्याची वाटी, वर उपडं पातेलं, असं एक रात्र ठेवा. हवेतला ओलावा सावकाश प्यायला की मग पेरा. उलट भेंडीचा दगडी दाणा असेल तर साल बारीक कानसीने एकदा हलकेच घासा, तोंडाच्या विरुद्ध बाजूला.

## टप्पा १० : वर्षातून एकदा विचारपूस

दरवर्षी प्रत्येक बरणीतून वीस-पंचवीस बिया काढून गुंडाळीत लावा. आकड्याइतकंच दिवसांकडे लक्ष द्या. गेल्या वर्षी पाचव्या दिवशी उगवलेलं वांगं यंदा नवव्या दिवशी उगवत असेल तर टक्के तेच असले तरी बी थकायला लागलंय. सुरुवातीच्या उगवणीच्या ८५ टक्क्यांखाली गेलं की वाट बघू नका, त्याच हंगामात पेरून ताजं बी धरा. ते एका रोपावरून घेऊ नका. काकडी-भोपळ्यासारख्या पिकांत जितकी जास्त रोपं ठेवता येतील तितकी ठेवा, नाहीतर वाण दोन-तीन पिढ्यांत दुबळा पडतो.

जेलचा रंगही याच वेळी बघा. हिरवं पडलं असेल तर झाकण झिरपतंय, नुसतं जेल बदलून भागणार नाही.

ही तपासणी मी गुढीपाडव्याच्या आसपास ठेवते. एखादी बरणी सादळलेली निघाली तर तेव्हा बाहेरची हवाच कोरडी असते, पंख्याखाली चार दुपारी दिल्या की निम्मं काम होतं. आणि उगवलेली वीस रोपं फुकट जात नाहीत, ती सरळ कुंडीत जातात. काकूंची या वर्षीची मिरची तशीच लागलीय.